ताई दुकानात येत नाही

९ जानेवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. फोनवर दुसऱ्या वाक्यालाच आपले आवाज चढतात, तेव्हा यापुढे लिहूनच बोलू या, हे तुझं म्हणणं पटलं. लिहिलेलं निदान खोडता येतं.

गेमबद्दल अभिनंदन. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, ते इथे आलं आहे, हे माझ्या लक्षात आलं आहे. बाबा हवेतच आहेत. तुझी मुलाखत त्यांच्या फोनमध्ये आहे आणि कोपऱ्यावरचा न्हावी, वरच्या मजल्यावरच्या बाई, दवाखान्यातली नर्स, कुणीही त्यातून सुटलेलं नाही. "माझी धाकटी. आमच्या चष्म्याच्या दुकानाचा गेम केलाय तिने. लोक घरबसल्या आमच्या दुकानात येतात!" नर्सने माझ्याकडे बघून विचारलं, "आणि या?" बाबा म्हणाले, "ही मोठी. ही असते माझ्याजवळ."

असते. टेबल असतं, कपाट असतं, तशी. त्यांच्या डोळ्यांतला दाब वाढतो म्हणून दिवसातून तीनदा थेंब घालावे लागतात. थेंब मी घालते. ते डोळे मिटून पडून राहतात, आणि उघडले की त्या डोळ्यांनी तुझी मुलाखत बघतात.

हे वाक्य खोडावं का, याचा विचार केला. राहू दे.

एप्रिलमध्ये तुमच्याकडच्या हॉलमध्ये गेमचं प्रदर्शन मांडणार, आपल्या दुकानासारखं खरंखुरं काउंटर बांधणार, त्यामागे बाबांनी बसावं आणि मीही यावं, असं तू लिहिलं आहेस. कल्पना चांगली आहे. पण बाबांचे गुडघे एवढा प्रवास सोसतील असं वाटत नाही. बोलून कळवते.

तू मला मेलने पाठवलेली गेमची भेटीची प्रत मात्र दिसली नाही. कॉलेजची परिपत्रकं इतकी येतात की त्यांत एखादी गोष्ट गडप होते. पुन्हा पाठवू नकोस, मी शोधते. आणि नंबर तपासायच्या भिंगांच्या पेटीचे फोटो तू पुन्हा मागितलेस. मागच्या वर्षी कळवलं तेच पुन्हा कळवते. बाबा ती पेटी रोज उघडून बसतात, त्यांच्या हातातून काढून घेणं बरं दिसत नाही.

एक गंमत सांगते. आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत एक सहायक आहेत, सगळे त्यांना लॅबवाले म्हणतात. त्यांनी परवा स्टाफरूममध्ये तुझा गेम पेनड्राइव्हवर वाटला. कुलूप तोडलेली, पैसे न भरता चालणारी प्रत. मी तिथल्या तिथे सांगितलं, ही चोरी आहे. माझी ख्याती तुला माहीत आहे. वाचनालयातल्या झेरॉक्सच्या यंत्रावर 'एका पुस्तकातील एकाच प्रकरणाची प्रत काढावी' ही पाटी माझ्याच अक्षरात आहे.

लॅबवाले म्हणाले, "मॅडम, तुम्ही एक पुस्तक आणता आणि कॉलेजभर फुकट वाचायला देता, ते पुण्य. मी तेच केलं की चोरी?"

"माझं पुस्तक एका वेळी एकाकडेच असतं. आणि ते परत येतं."

"मग माझं बरं की! परत मागायची कटकटच नाही."

सगळे हसले. मग ते मला समजावण्याच्या सुरात म्हणाले, "तुम्ही तर खूश व्हायला हवं. टाकाऊ माल कुणी चोरतं का?"

 मी वाचनालयाच्या इतिहासावर पुस्तिका लिहिली, तिच्यासाठी कितीतरी सुट्ट्या घातल्या. ती दर्शनी कपाटात आहे. पाटीची मर्यादा पाळूनसुद्धा तिच्या एका पानाची प्रत कुणी काढलेली नाही. तुझा माल चोरण्याइतका चांगला आहे. पुन्हा एकदा अभिनंदन.

तुझी मोठी बहीण


२ फेब्रुवारी

बारके,

गेम आणला. खेळते आहे. एक वाचक या नात्याने दोष कळवणं मी कर्तव्य समजते.

आधी गुण. दुकान हुबेहूब उतरलं आहे. दारावरची घंटी, आरशाचा तडकलेला कोपरा, भिंगं घासायच्या दगडावरून गळणारं पांढरं पाणी, मागच्या खोलीत आईच्या शिवणयंत्राची खडखड. मी हेडफोन लावून बसले होते. ती खडखड मधेच थांबते आणि दोऱ्याचा तुकडा तोडल्याचा आवाज येतो, तिथे मला गेम थांबवावा लागला. हे सगळं तू फोटोंशिवाय केलंस. फोटो मिळाले असते तर इतकं चांगलं झालं नसतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

आता दोष. खेळणाऱ्याने चष्मेवाल्याची लहान मुलगी व्हायचं, पहिल्याच सकाळी तिचा स्वतःचा चष्मा फुटायचा, आणि तरी गिऱ्हाइकांना योग्य खणातली योग्य भिंगं काढून द्यायची, इथपर्यंत ठीक. पण खणांवरच्या चिठ्ठ्या दिवसागणिक धूसर होत जातात. पहिल्या दिवशी डोळे बारीक करून वाचता येतं. तिसऱ्या दिवशी अंदाजाने. आठवडा संपेपर्यंत सगळ्या चिठ्ठ्यांचा नुसता चिखल. म्हातारीला वाचायची भिंगं द्यावीत तर लांबची जातात, ती दारात अडखळून पडते, गिऱ्हाइकं ओरडत निघून जातात आणि दुकानाला कुलूप लागतं. पुन्हा पहिला दिवस. मी किती वेळा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली ते लिहीत नाही.

मला वाटलं, माझाच नंबर वाढला. हसू नकोस. चष्मेवाल्याच्या मुलीला पडद्यावर काही धूसर दिसलं की ती पडद्याला दोष देत नाही, आधी डोळ्यांना देते. मी बाबांना सांगितलं. त्यांनी कपाटावरून भिंगांची पेटी काढायला लावली, वरची धूळ फुंकली, आणि दुकान बंद केल्यानंतर पहिल्यांदाच ती उघडली. माझ्या नाकावर ती जड गोल चौकट चढवली, अक्षरांचा तक्ता कपाटाच्या दाराला लटकवला.

"खालची ओळ."

वाचली.

"त्याच्या खालची."

तीही वाचली.

"आता तो पडदा वाच."

नाही आलं वाचता.

"मग डोळ्यांना कशाला बोल लावतेस? तुझा नंबर आहे तोच आहे. तिच्या दुकानातच काहीतरी बिघडलंय."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः पडद्याजवळ तोंड नेऊन बसले. त्यांना तर आधीच कमी दिसतं. बराच वेळ सगळं दुकान न्याहाळून ते म्हणाले, "छान केलंय पोरीने." आणि मग, "पण ते बघ."

काय बघायचं ते मी आधीच बघितलं होतं.

दुरुस्ती करावीस. इतके लोक खेळतात, कुणी तक्रार केली नाही याचं आश्चर्य वाटतं.

तुझी मोठी बहीण

ता. क. पेटीबद्दल मी आधी जे लिहिलं आणि वर जे लिहिलं, ते जुळत नाही. पुन्हा वाचताना दिसलं. खोडलेलं नाही.


६ फेब्रुवारी

तू उत्तर देईपर्यंत थांबणार होते, थांबता येत नाही.

चिठ्ठ्यांचं सोड. काउंटरजवळ स्टूल आहे. उंच, एक पाय आखूड, त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. ती घडी मी घातली होती. शाळा सुटली की दप्तर फेकून मी त्या स्टुलावर येऊन बसायची आणि दुकान बंद होईपर्यंत खणांवरची चिठ्ठी न् चिठ्ठी तुला वाचून दाखवायची, कारण तुला हातभरावरचं दिसत नव्हतं आणि तू चष्मा महिन्याला एक या हिशेबाने फोडत होतीस. तुझ्या गेममध्ये आठवडाभर ते स्टूल रिकामं आहे. मी संध्याकाळ होईपर्यंत वाट बघते, की शाळा सुटली असेल, आता कुणी येईल. घंटी वाजते आणि छत्री विसरलेलं एखादं गिऱ्हाईक येतं.

छत्री विसरलेलं गिऱ्हाईक आहे. न्हाव्याचं मांजर आहे. आई दिसत नाही, पण तिचं यंत्र आहे. मी आवाजातसुद्धा नाही.

बाबा जे दाखवत होते ते हेच. "तुला घेतलं नाही का गं तिने?" असं ते म्हणाले, आणि मग माझी समजूत काढायला लागले, की मोठ्या गेममध्ये सगळ्यांना घेता येत नसेल. बाबांनी माझी समजूत काढावी! तेवढी एक गोष्ट मला तुला कधीच माफ करता येणार नाही.

तू निघून गेलीस, दूर जाऊन चित्रं काढलीस, नाव काढलंस. दुकानाला कुलूप लावताना शटर मी ओढलं. राहिलेल्या फ्रेमा मी वाटल्या. आईच्या शेवटच्या महिन्यांत तिच्या उशाशी मी होते. मी कधी म्हटलं नाही की त्याचं कुणी काही बनवावं. पण तू बनवलंसच, तर मला पुसून टाकून बनवलंस. आता जगभरचे लोक आपल्या दुकानात येतात, आणि त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही की तिथे आणखी एक मुलगी होती.

बाबा एप्रिलमध्ये येणार नाहीत. मी तर नाहीच.


१९ फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं. वाचलं. पुन्हा वाचते आणि मग लिहिते.


२ मार्च

बारके,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं आहे की आता ते बघायची गरज उरलेली नाही. तरी त्यातला भाग इथे उतरवते, कारण माझ्या हातून ते लिहून व्हायला हवं.

'ताई, तू गेम आणलास कुठून? स्टूल फक्त चोरलेल्या प्रतीत रिकामं असतं. कुणी कुलूप तोडलं की गेमला कळतं. आमच्या धंद्यातले बाकीचे लोक अशा वेळी गेम बंद पाडतात, किंवा चोराला शिव्या देणारी पाटी दाखवतात. मी विचार केला, आपल्या दुकानात कुणी न विचारता हात घातला असता तर काय झालं असतं? बाबा काहीच बोलले नसते. शेजारचे काका काचा पुसायची फडकी खिशात घालून न्यायचे, तेव्हा बाबा हसून सोडून द्यायचे. आणि तू स्टुलावरून उतरलीस आणि काकांनी फडकी परत आणेपर्यंत दुकानात पाऊल टाकलं नाहीस. ते सगळे दिवस मी भलत्याच लोकांना भलतीच भिंगं देत होते. म्हणून मी तेच ठेवलं. गेम चोरला तर ताई दुकानात येत नाही. बस्स. मग चिठ्ठ्या वाचायला कुणी नसतं आणि दुकान आपोआप बुडतं. जगभरचे चोर मला विचारतात, ताई कुठे आहे, ताई का येत नाही. मी कुठे आहे, असं विचारणारी तू पहिलीच.'

याच्याखाली तू हसण्याचं चिन्ह काढलं आहेस. ते काढलं नसतंस तर मला जास्त सोपं गेलं असतं.

आता माझं ऐक. तुझी मेल गडप झाली नव्हती. गेम आला त्याच दिवशी ती मला दिसली होती. मी ती उघडली नाही. उघडली असती तर तुझी भेट घेतल्यासारखं झालं असतं, आणि धन्यवाद लिहावे लागले असते. विकत घेतला असता तर तुझ्या इतक्या हजार गिऱ्हाइकांत मी एक झाले असते. म्हणून लॅबवाल्यांना स्टाफरूममध्ये चोर म्हटल्यावर चार दिवसांनी मी त्यांच्या लॅबच्या दारात उभी राहिले. त्यांनी लगेच पेनड्राइव्ह दिला आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, परत आणायची कटकट नाही."

घरी येताना मी रस्ताभर स्वतःशी वाद घातला. पुस्तक चोरलं की कपाटात फट पडते, मी रोज अशा फटी बघते. गेमची प्रत काढली तर कुठेच फट पडत नाही. तुझ्याकडचं काही कमी होत नाही. मग चोरी कशाची? रोजनिशीत मी हा मुद्दा पान भरून मांडला आहे, चांगला मांडला आहे, अजूनही त्यातली चूक मला नीट दाखवता येत नाही. फक्त एवढंच, की फट पडली होती. मी आठवडाभर तिच्याकडेच बघत होते.

आणि तू लिहिलं आहेस की ज्यांच्याकडे पैसे नसतात ते तुला एक ओळ लिहितात, तू त्यांना तशीच प्रत पाठवतेस. 'तू एक ओळ लिहायला हवी होतीस, ताई.' मला पैशाची अडचण नव्हती. मला ती ओळच लिहायची नव्हती.

यात माझ्यासाठी सगळ्यात वाईट काय, ते सांगू? तू मला पुसलं नव्हतंस. तू मला इतकं सरळ समजलीस की माझंच कुलूप बनवलंस. त्या लहान मुलीने न विचारता घेणाऱ्याच्या शेजारी बसायला नकार दिला, आणि ती मी होते, आणि तो न विचारता घेणारा पण मीच. अशा वेळी माणसाने हसायचं असतं का? बाबांना सांगितलं तर ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. थेंब वाहून गेले, पुन्हा घालावे लागले.

एप्रिलचं त्यांना आजच सांगितलं. हो, आजच. ते म्हणाले, "गुडघ्यांना काय झालंय?"


११ मार्च

बारके,

काल लॅबवाल्यांना पेनड्राइव्ह परत केला. ते म्हणाले, "अहो ठेवा की." मी म्हटलं, यातला गेम अर्धा आहे.

"म्हणजे काय? मी सातव्या दिवसाच्या पुढे जात नाही, ते त्यामुळे? स्टाफरूममध्ये एकही जण गेलेला नाही! मला वाटलं, तुमची बहीण फार अवघड गेम करते."

"खऱ्या गेममध्ये एक ताई येते. ती चिठ्ठ्या वाचून दाखवते."

"कोण ताई?"

 "मी."

त्यांनी मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं. "तुम्ही गेममध्ये आहात? मॅडम, हे आधी नाही का सांगायचं! मग घ्यायलाच हवा." आणि मग, "तुम्ही तिथेही पाटी लावली असणार."

मी कॉलेजमध्ये इतकी वर्षं आहे. कालचा दिवस चांगला गेला. तुझ्यामुळे गेला, हे मला अजून पुरतं गिळता आलेलं नाही.

आणि रविवारी दुपारी तुझी मेल उघडली. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. पहिली सकाळ, फुटलेला चष्मा, न्हाव्याचं मांजर, धूसर चिठ्ठ्या. ते सगळं मला पाठ झालं होतं. संध्याकाळ झाली. घंटी वाजली.

बाबा म्हणाले, "आली!"

दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली, बाहीवर शाई. दप्तर फेकलं. स्टुलाजवळ येऊन म्हणाली, "सरक." मला कळेना काय करायचं, बाबांनीच बटण दाबलं, ती छोटी मुलगी बाजूला सरकली, आणि ताई चढून बसली आणि वाचायला लागली. वरच्या रांगेतला पहिला खण, दुसरा, तिसरा. सगळं स्वच्छ दिसायला लागलं. म्हातारी नवा चष्मा लावून घंटीकडे बघून हसली. आठवडा संपला, दुकान उघडंच.

बारके, ती कंटाळत नाही. ती एकदासुद्धा म्हणत नाही, 'आंधळे, किती वेळा सांगू.' मी म्हणायची, आणि आधी तुला विनवण्या करायला लावायची, आणि मगच वाचायची. तुला ते आठवत नाही की तू ते घेतलं नाहीस, हे मला विचारायचं नाही. इतके दिवस मला तुझा हेवा वाटत होता, तो सवयीचा आहे, तो मला सांभाळता येतो. रविवारपासून मला त्या दोन वेण्यांच्या पोरीचा हेवा वाटतो. तुझ्या आठवणीत ती इतकी वर्षं माझ्या जागी बसली आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मी काय करावं म्हणजे तिच्या जवळपास पोहोचेन, मला माहीत नाही. चार ओळी खोडल्या इथे.

कामाचं लिहिते. तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या खणात लांबच्या नंबरची भिंगं नव्हती, तिथे बाबा सुटे स्क्रू ठेवायचे. दुरुस्त कर. हॉलमध्ये काउंटर बांधतील त्यांना सांग की स्टुलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठाच हवा, रबर लावलं तर ते डुगडुगायचं थांबेल आणि मग ते आपलं स्टूल राहणार नाही. भिंगांची पेटी मी मांडीवर घेऊन येईन, सामानात टाकणार नाही. बाबांनी नवा शर्ट काढून ठेवला आहे आणि न्हाव्याला तारीखही सांगून टाकली आहे.

आम्ही दोघं येतो. सरक.

ताई